अर्विनची काठी

स्वयंपाकघराच्या दारात आर्लीननं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी नाही हात लावणार," ती म्हणाली. "पुरुषांच्या लाकडी काठीला बाईचा हात लागत नाही. साठीला आलास, हे आता मी सांगायचं तुला?"

सांगायची गरज नव्हती. ग्रँड नदीच्या काठावरच्या या मूळनिवासी वस्तीत हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पण घरून निघताना वेंडेल हेनहॉकनं आखलेला बेत असा होता: मागच्या दारानं जायचं, जुन्या पडद्यात गुंडाळलेलं ते लचांड आर्लीनच्या हातात कोंबायचं आणि पुढच्या दारानं, चेहरा पाडून, इतरांसारखं आत यायचं. बेत चांगला होता. फक्त आर्लीन बाई आहे एवढंच तो विसरला होता.

बाहेरच्या खोलीत आर्लीनचा नवरा अर्विन बॉम्बेरी पेटीत निजला होता. दुपारी त्याला पुरायचं होतं. लॅक्रोस, म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, खेळलेला माणूस आपली लाकडी काठी बरोबर घेऊनच जातो, कारण वर गेल्यावरही खेळ चालूच असतो. काठीवाचून आलेल्याला तिथं कोण संघात घेणार? आणि अर्विनची काठी गेली कित्येक वर्षं वेंडेलच्या गॅरेजच्या माळ्यावर होती.

चोरलीच होती, उगाच दुसरा शब्द कशाला शोधायचा? वेंडेल बचावपटू होता. व्यावसायिक संघांतून खेळला, नाक इतक्यांदा मोडून घेतलं की डॉक्टरांनी ते सरळ करायचा नाद सोडला. त्याला चुकवून पुढं जाणं भल्याभल्यांना जमलं नाही. एकट्या अर्विनला जमायचं. एका अंतिम सामन्यात तर अर्विननं त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून विजयी गोल मारला. पेपरात फोटो आला. अर्विन हवेत, वेंडेल जमिनीवर. त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका सामन्यानंतर वेंडेलनं अर्विनच्या गाडीतून ती काठी उचलली. अर्विनच्या आजोबांनी लाकूड वाफेवर वाकवून, कातडी जाळी विणून केलेली काठी. चार दिवस छळू आणि परत देऊ, असं त्यानं ठरवलं होतं. चार दिवसांनी लाज वाटायला लागली. मग ती लाजही जुनी झाली.

आता तो गावच्या संघाचा प्रशिक्षक होता. प्रतिस्पर्ध्याचा हातमोजा लपवला म्हणून गेल्याच महिन्यात त्यानं क्लेटन नावाच्या खेळाडूला हंगामभर बाकावर बसवलं होतं. वर प्रामाणिकपणावर भाषण ठोकलं होतं. तो अख्खा संघ या घडीला इस्त्रीचे शर्ट घालून पेटीभोवती बसला होता.

"तुझ्या भावाला बोलाव ना जरा," वेंडेल कुजबुजला. "तो नेऊन ठेवील गुपचूप."

"ज्यानं नेली त्यानं ठेवायची. नाहीतर जा परत घेऊन. अर्विन जाईल आहे तसाच."

चुलीपाशी, मयताच्या घरच्या रीतीप्रमाणे, दुसऱ्या कुळाच्या बायका मक्याचं सूप करत होत्या. त्यांचे डाव थांबले होते. म्हणजे गावाला कळल्यातच जमा होतं. वेंडेल बाहेरच्या खोलीत शिरला.

"काय रे," दारातच बसलेली व्हर्नाआत्या म्हणाली, "पडदे बसवायला आलास होय?"

त्यानं पडदा उलगडला. काठी सगळ्यांनी ओळखली. क्लेटनचं तोंड आधी उघडलं आणि मग हळूहळू कानापर्यंत फाकलं.

"दात काढू नकोस," वेंडेल म्हणाला. "रविवारी खेळतोयस तू."

तो पेटीपाशी पोचला. अर्विनचा चेहरा बघून त्याला भडभडून आलं. इतकी वर्षं या माणसाला अडवण्यात गेली, आणि आज तो कुणीही न अडवता निघाला होता. काठी ठेवायला वेंडेल वाकला आणि तसाच थांबला.

अर्विनच्या हातात काठी होती. जाड दांड्याची, जड. दांड्यावर तापल्या सळईनं कोरलेली दोन अक्षरं वेंडेलच्या नावाची होती. त्याच्या बापानं केलेली काठी! त्याच उन्हाळ्यात ती नाहीशी झाली होती, आणि ती मावसभावानंच ढापली असं समजून वेंडेलनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"तू त्याची नेलीस, त्यानं तुझी आणली," मागून आर्लीन म्हणाली. "वेंडेल कबूल करेल त्या दिवशी देईन, म्हणायचा. शेवटी दवाखान्यात मला म्हणाला, तो माझी घेऊन आला तर अदलाबदल करा. नाही आला तर त्याचीच नेतो. बसू दे मग त्यालाही वर गेल्यावर बोंबलत."

वेंडेल हसला की रडला, ते कुणालाच नीट कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. त्यानं आपल्या काठीला हात घातला. आता तो ती काढून घेणार, म्हणून सगळे माना उंचावून बघत होते.

त्यानं ती काढली नाही. अर्विनची बोटं त्यानं दांड्यावर नीट, जरा अंतर सोडून बसवली. बचावपटू धरतो तशी. मग अर्विनची काठी त्यानं पुन्हा पडद्यात गुंडाळली आणि काखेत मारली.

"अरे, हे काय?" आर्लीन म्हणाली.

"असू दे माझीच त्याच्याकडं. ही मी वर येताना घेऊन येईन," वेंडेल म्हणाला. "तोवर जरा बचाव करून बघू दे लेकाला."