जागची हललेली सीट

फिटरने चौथा प्लग कापडाने पुसला, त्यावर फुंकर मारली आणि तो परत इंजिनात बसवला. मुलगा अकरापर्यंत येतो म्हणाला होता. त्याच्या आत गाडी तयार हवी होती.

पत्र्याच्या शेडमध्ये ती बारा वर्षं उभी होती. उभी होती, पण मेलेली नव्हती. दर रविवारी फिटर ऑइलची पट्टी बघायचा, रेडिएटरमध्ये पाणी घालायचा आणि दारातूनच हात आत घालून किल्ली फिरवायचा. टायर एका जागी बसू नयेत म्हणून महिन्यातून एकदा गाडी वीतभर पुढे-मागे ढकलायचा. चालवायचा मात्र नाही. आतही कधी बसायचा नाही.

त्याआधी, गाडी चालती होती तेव्हा, गल्लीत सगळे म्हणत, फिटरशी गाडी बोलते. इंजिनच्या नुसत्या आवाजावरून कुठला प्लग रुसलाय ते तो सांगायचा. बायको त्या गाडीला सवत म्हणायची. रविवारी चहा घेऊन आली की विचारायची, "सवतीचं तेलपाणी झालं का?" पेल्याला तेलकट हात लागू नयेत म्हणून तो वरच्या फळीवर ठेवायचा, हा तिचा नियम. फळीला हात पोचत नसे, म्हणून ऑइलचा रिकामा डबा पालथा घालून ती त्यावर चढायची. एकदा त्या डब्यावरूनच म्हणाली होती, मलाही शिकवा की चालवायला. फिटर इतका हसला की पान्यावरची पकड सुटली. ही गाडी एकच हात ओळखते, म्हणाला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मग तो दिवस आला. फिटर कारखान्यातून दोन तास लवकर घरी आला होता. शेडचं दार सताड उघडं, बॉनेट गरम, डावा मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासून आत गेलेला आणि सीट जागची हललेली. मुलगा आणि त्याची आई बाजूला उभी. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, बापापेक्षा हातभर उंच वाढलेला. गाडी कोणी बाहेर काढली, फिटरने विचारलं. आई काही बोलणार, एवढ्यात मुलगा म्हणाला, "मी नेली."

पुढे फिटर जे बोलला ते त्याला नीट आठवत नसे, आणि आठवायचं तेवढं पुरे असे. न विचारता घेणारा तो चोर, आणि चोराचं ताट या घरात वाढलं जाणार नाही, असं काहीसं. मुलाने खाली मान घालून ऐकलं आणि सकाळी पिशवी उचलून निघून गेला. दुसऱ्या शहरात त्याने गाडी शिकवण्याची शाळा काढली, हे फिटरला बायकोकडून कळलं. चोरून शिकला आणि आता लोकांना शिकवतोय, असं म्हणून तो उठून गेला.

मडगार्ड त्याने आठवड्यात ठोकून सरळ केला. गाडीची जखम तशीच ठेवणं त्याच्या हाताला जमण्यासारखं नव्हतं. सीट मात्र त्याने हलवली नाही. धूळ झटकायचा, पण ती होती तिथेच राहू द्यायचा. बायको दर चार-आठ दिवसांनी म्हणायची, "अहो, ती सीट मागे घ्या आता. चूक झाली. माणसाकडून होते." तो म्हणायचा, राहू दे, पुरावा आहे तो. गाडीत बसून कुठे जाऊ या, असंही तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. लेकाला भेटायला बसने जायची.

तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यात तिने त्याचा हात धरला. "त्या दिवशी गाडी..." एवढंच म्हणाली. फिटरने तिला पुढे बोलू दिलं नाही. शेवटच्या घडीला हिला कशाला त्रास, असं त्याला वाटलं. "पुरे. उकरून काढू नकोस," तो म्हणाला. "मी त्याला माफ केलं." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पहाटे ती गेली.

म्हणून आज मुलाला बोलावलं होतं. किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि ते एक वाक्य बोलायचं. वाक्य फिटरने तोंडपाठ केलं होतं.

मुलगा दारातून वाकून आत आला. कानाजवळ केस पांढरे व्हायला लागले होते. त्याने आधी गाडीला हात लावला, मग बापाच्या पायांना. फिटरने दारातून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"म्हातारी अजून खणखणीत आहे," मुलगा म्हणाला.

"आता तुझी. घेऊन जा." फिटरने घसा साफ केला. "आणि हे बघ. झालं ते गेलं. मी तुला माफ केलंय."

मुलाने गाडीच्या छपरावरून हात फिरवला. म्हणाला, "बरं, बाबा."

फिटरला हायसं वाटलं. बारा वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं होतं. त्याने स्वतः दार धरलं. "बस. फाटकापर्यंत काढ. खांब जपून."

मुलगा बसायला गेला. एक पाय आत घातला तर गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. दुसरा आत येईचना. छाती स्टिअरिंगला टेकली.

"अरे, सीट मागे घे की."

"राहू दे, बाबा. बसतो असाच." त्याने घडीच्या खुर्चीसारखं अंग मुडपलं. तरी दार लागेना.

फिटर खाली वाकला. सीटखालच्या पट्टीवर बोट फिरवलं. सीट अगदी पुढे, पहिल्या खाचेत होती. तिथे तर तो स्वतःही मावला नसता. तो तसाच वाकून राहिला.

"मग त्या दिवशी तू कसा बसला होतास?"

मुलाने इंजिन बंद केलं. त्याची नजर फिटरच्या डोक्यावरून पलीकडे गेली, आणि फिटरनेही वळून पाहिलं. फळीखाली ऑइलचा डबा अजून पालथाच होता.