उजनीच्या पाण्यावर

सोमेशनं हौसेनं शिडाची होडी घेतली आणि पहिल्याच फेरीला आईला उजनी धरणाच्या पाण्यावर नेलं. शिडात वारं भरलं, होडी कलली, तशी सिद्धम्मा कड घट्ट धरून बसली. तिची नजर मात्र लांबच्या टेकडीवरच्या देवळावरून हलत नव्हती. ते देऊळ अगदी समोर आलं, तशी ती म्हणाली, "हितंच थांबव."

"भ्या वाटतंय व्हय गं, आई?"

"न्हाय रं. थांबव की."

त्यानं शीड उतरवलं. तिनं चपला काढल्या, वाकून पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"धरणापायी गाव उठलं तवा मी दहा वर्सांची. माणसं नेली, गुरं नेली, देवबी नेला. मातीत ठेवलेली माझी आई तेवढी हितंच ऱ्हायली."