कुपीवरची सही

तेजस्वीला मिळवायचं होतं एकच: शोधनिबंधावर पहिलं नाव. मुरुडचे खलाशी भरती-ओहोटी बघून झोपतात. त्यांच्या रक्तात शरीराचं घड्याळ चालवणारं प्रथिन कधी वाढतं, हे जी आधी दाखवेल तिचं नाव पहिलं, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम बोलून बसल्या होत्या. ते प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी अलिबागच्या प्रयोगशाळेत आली एकच कुपी, तेजस्वी आणि तिच्याबरोबर संशोधन करणारी अमिषा, दोघींत मिळून. आल्या दिवशीच ती दहा छोट्या कुप्यांत वाटून गोठवायची असते, कारण पुन्हा पुन्हा वितळली की निकामी होते. तेजस्वीला हे पाठ होतं. पण दहातली एखादी अमिषाने लांबवली तर? म्हणून तिने वाटणीच केली नाही. झाकणावर स्वतःची सही ठोकली आणि रोज सकाळी कुपी वितळवून माप घेऊ लागली. "दूधवाल्याचं माप तरी इतकं बघतेस का गं?" अमिषाने विचारलं. तेजस्वीने पुन्हा एकदा मोजलं. तीन आठवड्यांत हिशेबाबाहेर एक थेंबही गेला नव्हता, आणि दोघींच्याही फिल्मवर प्रथिन दाखवणारी एकही रेघ उमटली नाही. रक्ताचे नमुने त्यातच संपले. नवी कुपी मागवावी लागली, आणि दोघी पुन्हा मुरुडला गेल्या. "आमचं घड्याळ बंद पडलं व्हय गो?" हिरामण खलाशाने विचारलं. "काका, तुमचाच नमुना खराब निघाला," तेजस्वी म्हणाली. "मग माझंच चुकलं आसंल," म्हणत त्यांनी बाही वर केली. पहिलं नाव अजून कुणालाच मिळालं नव्हतं; दर चार तासांनी एक, अशा सहा सुया मात्र पुन्हा हिरामणकाकांच्या हातात गेल्या.