दम्मामची कॅसेट

महरीनने कानाला हेडफोन लावले आणि अब्बांचा खोकला कापून टाकला.

कंप्युटरच्या पडद्यावर आवाज हिरव्या डोंगररांगेसारखा दिसत होता. खोकला म्हणजे मधलं उंच शिखर. ते गेलं तसं 'हाजरा, मी बरा आहे' हे वाक्य 'गोळ्या वेळेवर घे' याला जाऊन चिकटलं. मागे एसीची घरघर होती. सांधा कळत नव्हता. तिने पुन्हा ऐकलं. थोडासा कळत होता.

"काय गो, रेडिओ स्टेशन काढतेस काय?"

विनोद सर मागे उभे होते. लॅबच्या दारात चपला काढाव्या लागत, त्यामुळे कोणी आलेलं कळायचं नाही.

"प्रोजेक्ट आहे सर. मल्टिमीडियाचा."

"मग माणूस तरी धडधाकट घ्यायचा. काल स्पीकरवर ऐकला, सारखा खोकतो."

ती हसली आणि तिने फाइल बंद केली.

खोकणारा माणूस सप्टेंबरात सौदीत, दम्मामला वारला होता. तिथेच दफन झाला. महरीनच्या समजुतीप्रमाणे अख्ख्या खेडमध्ये हे फक्त तिला ठाऊक होतं.

तिची अम्मी हाजरा त्याच आठवड्यात इस्पितळातून घरी आली होती. निघताना डॉक्टरांनी महरीनला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आईचं हृदय नाजूक झालंय. कसलाही धक्का चालणार नाही." फोन वाजला तेव्हा तो हाजरानेच उचलला. पलीकडे साकिबचाचा होता, दम्मामला अब्बांच्याच खोलीत राहणारा.

"साकिबभाय आहे. तुला मागतोय," म्हणत तिने रिसीव्हर मुलीच्या हातात दिला आणि ती पडद्याआड आत गेली.

महरीन नुसती "हो", "बरं" म्हणत राहिली. शेवटी तोंडावर हात धरून म्हणाली, "चाचा, इथे कोणालाच कळवू नका. अम्मी जाईल."

ती आत गेली तेव्हा हाजरा मोरीत बसून, हाताला साबण लावून बांगड्या उतरवत होती.

"आजारपणात हात सुजलेत," हाजरा म्हणाली. "काय म्हणतो साकिब?"

"अब्बांना लांबच्या साइटवर पाठवलंय. वाळवंटात. तिथे फोन नाही. कॅसेट पाठवतील."

कॅसेटी त्यांच्या घराला नव्या नव्हत्या. अब्बांना लिहायचा कंटाळा. सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या तरी हातून ते बोललेली कॅसेट धाडत. जुन्या सगळ्या दूध पावडरीच्या डब्यात जपून ठेवलेल्या होत्या. कम्युनिटी कॉलेजात माहिती तंत्रज्ञान शीक, हा हट्टही त्यांनी कॅसेटमधूनच धरला होता. आता त्याच शिक्षणाच्या जोरावर महरीन त्यांना बोलतं ठेवत होती. जुन्या कॅसेटी कंप्युटरात घ्यायच्या, वाक्यं सुटी करायची, नवीन जुळवायची, कोऱ्या कॅसेटवर उतरवायची.

दर वेळी तिला वाटे, आज पकडली जाणार.

हाजरा डोक्यावर पदर घेऊन ऐके. कॅसेट संपली की तिचे ओठ हलत राहत. अब्बा सुखरूप परत यावेत म्हणून दुवा मागते, असं महरीनला वाटे, आणि तिला तिथे उभं राहवत नसे.

डिसेंबरात दाभोळला हाजराच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं.

"मी नाय येत. तू जाऊन ये," हाजरा म्हणाली.

"डॉक्टर तर म्हणतात, आता फिरायला हरकत नाही."

"त्यांचं काय जातं बोलायला? छाती माझी आहे."

महरीनला हायसं वाटलं. लग्नात दम्मामहून सुट्टीवर आलेला कोणी भेटला असता तर? अम्मी अंगणातसुद्धा उतरत नव्हती, तेही तिला बरंच वाटत होतं. ना कोणी भेटणार, ना काही बोलणार.

जानेवारीतली कॅसेट हाजराने अर्ध्यावर थांबवली.

"दम्मामला आता थंडी ना गो?"

"हो."

"मग ही घरघर कसली? थंडीत एसी कोण लावतं?"

हे वाक्य तिने उन्हाळ्यातल्या कॅसेटवरून घेतलं होतं. "साकिबचाचाला उकडतं म्हणे."

"साकिबला? तो तर मे महिन्यातही गोधडी घेऊन झोपणारा."

महरीनचं लक्ष आईच्या छातीकडे होतं. ती वरखाली होत होती, सावकाश.

"असू दे," हाजरा म्हणाली. "लाव पुढे."

त्या दिवसापासून महरीनची भीती दुप्पट झाली. एक भीती आईच्या जिवाची. दुसरी तिने कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते, घरातच राहायचं, नटायचं नाही. ज्या बाईला नवरा गेल्याचंच ठाऊक नाही, ती काय पाळणार? अम्मीचं हे फर्ज आपण बुडवतोय. उद्या वर जाब विचारला तर काय सांगायचं?

विचार नको म्हणून मग ती लॅबमध्ये जाऊन बसे.

पुढची कॅसेट तिने फार जपून केली. घरघर जवळजवळ पुसून टाकली. खोकला मात्र एका ठिकाणी मुद्दाम ठेवला. तो नसला तर अब्बा अब्बा वाटत नव्हते.

घरी आली तर हाजरा अंगणात उभी होती, उन्हात. पोपटी साडी नेसलेली. डोळ्यांत सुरमा.

"अम्मी! बाहेर कशी आलीस?"

"आले. चल, जगबुडी नदीपर्यंत पाय मोकळे करून येऊ."

"थांब, आधी हे ऐक. अब्बांची कॅसेट आलीय."

हाजराने कॅसेट हातात घेतली. पदराने पुसली. टेपरेकॉर्डरकडे न जाता तिने दूध पावडरीचा डबा काढला, कॅसेट आत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

"इद्दत काल सरली, बाय," ती म्हणाली. "आता त्यांना बोलायला लावू नको."