मिनिटं कमी करून द्या

शिलाईच्या कारखान्यात एका बाईच्या कानात फोनची वायर. एकाच कानात, दुसरा सुपरवायझरसाठी मोकळा. बहुतेक वेळ वायरीत काहीच ऐकू येत नाही. तरी ती काढत नाही.

न्हाणीघरात नवी रबरी चटई. कुणी आणली, कुणी विचारलं नाही.

रविवारी जेवताना मुलगा म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, परत पडलात तर थेट वृद्धाश्रम हं!" म्हातारा हसला. सूनही हसली, जरा उशिरा.

सुनेच्या फोनच्या बिलात एकच अनोळखी नंबर. सकाळी लागलेला, संध्याकाळी तुटलेला. रोज.

म्हाताऱ्याचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. आज कामावर जाण्याआधी तो मोबाइल कंपनीच्या दुकानात शिरला.

"बायकोच्या नंबरची मिनिटं कमी करून द्या."

काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन पाहिली. "वर्षाचा करार आहे, साहेब. अजून अर्धाही झाला नाही. पुढच्या महिन्यापासून करू?"

"आत्तापासून."

"मग वर शुल्क पडेल. बिलही फारसं उतरणार नाही. नुकसानच आहे तुमचं."

"ते आधीच झालंय."

मुलीने मान खाली घातली. "रोज तासभर बोलणं मिळेल. संपलं की चालू कॉलसुद्धा तुटेल. मॅडमना सांगितलंय ना?"

"नंबर माझ्या नावावर आहे."

"मग मिनिटं संपल्याचा मेसेजही तुम्हालाच येईल."

"तेच हवंय."

कामावर जोडीदाराने चहा पुढे केला. जोडीदाराची बायकोही त्याच शिलाईच्या कारखान्यात, सुनेच्या शेजारच्याच मशिनवर.

"सोड ना. वहिनी माहेरी बोलत असतील."

"माहेरी कुणाला 'अहो' म्हणते? तुझ्याच बायकोने ऐकलंय. 'अहो, पाचला येतेच मी, तोवर धीर धरा.'"

"माझ्या बायकोला तिखटमीठ लावायची सवय आहे रे."

"मग एवढा मोठा प्लॅन तिने हट्टाने का घेतला?"

जोडीदाराने चहा संपवून हत्यारं उचलली.

बिलातला तो नंबर नवऱ्याने कधीच लावला नव्हता. पलीकडून पुरुषाचा आवाज आला तर पुढे काय, हे त्याला सुचत नव्हतं.

लिफ्टच्या टपावर बसलेला असताना मेसेज आला. मिनिटं संपली होती. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली. त्याने डबा चाटूनपुसून खाल्ला.

पोट भरलं तसा धीर आला. साहेबाला सांगून तो लवकर निघाला. हत्यारांची पिशवी घरी टाकायची आणि सुटायच्या वेळी कारखान्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. पण त्याआधी त्या माणसाला दोन शब्द सुनावायचे. जिना चढताना त्याने ते पाठ केले, घराच्या दाराशी थांबला आणि नंबर लावला.

रिंग वाजली. कानात, आणि दारापलीकडेही.

त्याने चावी फिरवली. बाबांची कॉट रिकामी होती. उशीखाली त्याने कधी न पाहिलेला फोन वाजत होता. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं, आत नळ वाहत होता.

"बाबा?"

दुपारी, मिनिटं संपल्यावर, म्हाताऱ्याने सुनेला हाक मारली होती. नेहमीसारखीच, हळू, उशीकडे तोंड करून.