उलटा पीळ

रंगमंचावर नट पाठमोरा बसला होता. त्याने कपाळ पुसायला डावा हात उचलला आणि तिला बाहीवरचा उलटा पीळ दिसला.

हिरवा स्वेटर. मनगटापासून वर चढत गेलेली विणीची वेणी, आणि कोपराजवळ तिचा एकच पीळ चुकीच्या बाजूला फिरलेला. ती चूक तिच्या हातची होती. उसवते म्हणाली, तेव्हा नवरा म्हणाला होता, राहू दे, गर्दीत हरवलो तर ओळखायला बरं.

*जबाब, पान पहिलं : मोठा भाऊ सकाळी सहा चाळीसच्या बसने गेला. मी स्वतः त्याला बसवून दिलं.*

शेजारी दीर घोरत नव्हता, एवढंच. गेले आठ दिवस दुकानाचा माळा उपसून तो दमला होता. दिवे मंदावताच त्याची मान छातीवर पडली. चहाची पत्ती दोनदा उकळणारा माणूस, पण आज आपण होऊन म्हणाला होता, वहिनी, उद्या कोर्टात सही करायची, आज जरा मन रमवा.

सही कशाची, तर सात वर्षं बेपत्ता असलेला नवरा आता मेला असं तिलाही मान्य आहे, याची. मग दुकान विकायला दीर मोकळा.

*जबाब, तेच पान, खाली : अंगात वहिनींनी विणलेला हिरवा स्वेटर होता. बस सुटताना त्याने खिडकीतून हात केला.*

हा जबाब तिला पाठ होता. नवऱ्याला शेवटचं पाहिलेल्या माणसाचे ते शब्द होते.

मध्यंतरात ती रंगमंचामागच्या खोलीत गेली. एक बाई इस्त्री करत होती, तोंडात टाचण्या. तिने टाचण्या काढल्या आणि सांगितलं, की नवे कपडे शिवायची आमची ऐपत नाही, लोक तिकिटाच्या खिडकीत जुन्या कपड्यांची गाठोडी आणून देतात, त्यांवरच भागवतो. हिरवा स्वेटर याच आठवड्यात आला. आल्या आल्या त्या पोराने मागून घेतला.

"कुणी दिला?"

"नाव नाही विचारत आम्ही. देणाऱ्यासाठी खुर्ची राखून ठेवतो, तिचा नंबर कॉलरच्या आत टाचतो. शेवटी नट खाली उतरतो आणि देणाऱ्यापुढे हात जोडतो. इथली रीतच आहे ती."

"म्हणजे तो माणूस आज आत बसलाय?"

"बसला असणारच. आजचीच खुर्ची दिली असेल."

"नंबर काय?"

"ते काय लक्षात राहतंय, बाई. ढीगभर कपडे असतात." घंटा वाजली. बाईने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

नाटकाचा दुसरा भाग तिने पाहिलाच नाही. ती माणसं पाहत होती. साठ खुर्च्या. शेवटच्या रांगेत टोपीवाला एक माणूस मधूनच डावा कान चोळत होता. नवऱ्याला तीच सवय होती. सात वर्षांत माणूस एवढा वाळतो का? वाळत असेल. समोर यायची हिंमत झाली नसेल. सही करण्याआधी तिच्या नजरेला पडावा म्हणून स्वेटर पुढे पाठवला असेल.

उद्याचा कागद पर्समध्ये होता. तिने तो अंधारातच काढला आणि चार तुकडे केले.

"काय फाटलं?" दीर झोपेतच पुटपुटला.

"काही नाही, भाऊजी. झोपा."

टाळ्यांनी दीर जागा झाला आणि रीतसर टाळ्या वाजवू लागला. नट ओळीने वाकले. मग एकेक खाली उतरला. लांब कोट घातलेल्या नटीने पहिल्या रांगेतल्या म्हातारीपुढे हात जोडले. सगळ्यांत शेवटी हिरवा स्वेटर पायऱ्या उतरला.

ती उभी राहिली आणि मागे वळली. टोपीवाला गळ्याभोवती मफलर गुंडाळत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. कुणाचा तरी भलताच चेहरा होता तो.

पावलं तिच्या पाठीशी येऊन थांबली.

ती वळली. तो उलटा पीळ आता हाताच्या अंतरावर होता. नटाने कॉलर उलटून चिठ्ठी पाहिली, खुर्चीवरचा आकडा पाहिला, तिला अदबीने जरा बाजूला व्हायला सांगितलं, आणि अजून टाळ्या वाजवत असलेल्या दिरापुढे वाकून हात जोडले.