कोपऱ्यातलं बोट

शाळेची जुनी ईमेल खाती त्या दिवशी दुपारी बंद होणार होती. झ्द्राव्का त्या शाळेत शिकवायची. तिला हे जग सोडून दोन वर्षं झाली होती. दर शरदात तिचा नवरा नेद्याल्को अंगणात ल्युतेनित्साचं, म्हणजे लाल मिरच्या-टोमॅटोच्या चटणीचं, पातेलं ढवळायला बसला, की ती त्याचा पाठमोरा फोटो काढून त्या खात्यात ठेवायची. त्याला ते फोटो हवे होते.

शेजारची रादका ते संगणकावर उतरवून देत होती.

"काका, काकूंचं बोट प्रत्येक फोटोत आलंय."

"दरवर्षी सांगायचो. ऐकेल तर शपथ."

"आणि तुम्ही कधी वळून बघितलं नाहीत ते?"

"पातेलं करपलं असतं ना."

रादका हसली. सगळे फोटो उतरल्यावर तिने खातं बंद केलं आणि चटणीची बरणी घेऊन घरी गेली.

नेद्याल्को निवांतपणे एकेक फोटो बघत बसला. खूप दिवसांनी घर भरल्यासारखं वाटत होतं. "झ्द्रावे," तो लाडाने म्हणाला, "एकदा तरी बोट बाजूला घे."

यादीत आणखी एक फोटो आला. त्यात तो संगणकासमोर पाठमोरा बसला होता, अंगात आज सकाळी घातलेला सदरा.

कोपऱ्यात बोट नव्हतं.